मोहर पाहून बागेचा सौदा करू नका

मराठवाड्याच्या केशर आंब्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही केशरच्या बागा आहेत. डिसेंबर-जानेवारीत झाडे मोहराने पिवळी झाली की आपले बागवान बांधव गावोगाव फिरतात, बाग डोळ्यांखालून घालतात, उक्ती किंमत ठरवतात आणि विसार देऊन मोकळे होतात. मी कापडाचा व्यापारी. परंतु लग्नसराईत दिलेली माझी बरीचशी उधारी आंब्याच्या पैशातून वसूल होते. बागवान बुडाला की त्याच्यामागे कापडवाला, किराणावाला आणि टेंपोवालाही बुडतो. म्हणून हा विषय सर्वांचा आहे.

मोहर म्हणजे फळ नव्हे, ही गोष्ट व्यापाऱ्याने आधी पक्की लक्षात घ्यावी. मोहराच्या एका तुऱ्यात शेकड्यांपासून हजारांपर्यंत फुले असतात. त्यांतली बरीच नुसती नर असतात, त्यांना फळ कधीच येत नाही. ज्या फुलांत नर व मादी असे दोन्ही भाग असतात, त्यांनाच फळ धरते. हे प्रमाण जातीवर व हवामानावर अवलंबून असते. तुरा बाहेर पडताना थंडी कडक असली तर अशी फुले कमी निघतात. धरलेल्या फळांतलीही बहुतेक वाटाण्याएवढी असतानाच गळतात. शेवटी शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा हाती येत नाही. म्हणजे ताग्याची वरची घडी पाहून आतल्या सगळ्या मालाचे पैसे मोजण्यासारखा हा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट माशांची. आंब्याच्या फुलातले पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात नेण्याचे काम वाऱ्याने फारसे होत नाही. ते मुख्यतः माश्या करतात. घरमाशी, हिरवी-निळी माशी आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या हे काम करतात, मधमाश्याही मदत करतात. मोहरावर तुडतुडे आणि भुरी येते, तेव्हा औषध मारावे लागते, हे खरे. परंतु मोहर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारले तर तुडतुड्यांबरोबर या माश्याही मरतात. मग मोहर राहतो हिरवागार, आणि फळ मात्र धरत नाही. सौदा झाल्यावर बागवान रक्कम वसूल करण्याच्या घाईत दर आठवड्याला पंप मारतो आणि ज्यांच्या कष्टावर त्याचा नफा उभा आहे, त्यांनाच मारतो.

बालाघाटच्या डोंगरात होणाऱ्या सीताफळाचीही हीच गत आहे. त्याचे फूल आधी मादी असते आणि नंतर नर होते. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला वेळेवर मिळावे लागतात. हे काम अगदी बारीक भुंगेरे करतात. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे वेगळा भाग. जेवढ्या डोळ्यांना पराग मिळतात तेवढेच भरतात, बाकीची बाजू बसकी राहते. बाजारात वाकडे फळ दुसऱ्या प्रतीत जाते ते याच कारणाने. कुंचल्याने हाताने पराग लावले तर फळ गोल आणि भरदार होते. बारीक कामाला हात बसलेल्या आपल्या कारागीर घरांतल्या मुलांनी हे शिकून घेतले तर हंगामात त्यांना चांगली मजुरी मिळू शकते.

आता व्यवहाराकडे वळू. फळ उपयोगी येण्याची चिन्हे दिसेपर्यंत झाडावरचे फळ विकू नये व विकत घेऊ नये, अशी मनाई प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हे आले आहे. कारणही सांगितले आहे: अल्लाहने फळच रोखले तर भावाचा पैसा कोणत्या हक्काने घ्यायचा? खजुरीच्या मादी झाडाला नराचे पराग लावून झाल्यावर झाड विकले, तर त्या हंगामाचे फळ कोणाचे, याचाही निवाडा दिलेला आहे: ते विकणाऱ्याचे, खरेदीदाराने आधी अट घातली नसेल तर. म्हणजे पराग आणि अट या दोन्ही गोष्टी चौदाशे वर्षांपासून सौद्याचा भाग आहेत. तपशिलात इमामांची मते वेगवेगळी आहेत, ती आपल्या आलिमांना विचारावीत. परंतु जुगार आणि व्यापार यांतला फरक कळायला एवढे पुरे आहे.

शेतकऱ्याला जानेवारीत पैसा लागतो म्हणून तो मोहरावर बाग देतो, आणि आपण नाही घेतली तर दुसरा घेईल या भीतीने बागवान घेतो. दोघांची अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा की गावातल्या चार-पाच बागवानांनी एकत्र बसून एकच रीत ठरवावी. मोहरावर फक्त बोलणी करावी. भाव ठरवावा तो कैरीत कोय धरल्यावर, बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या काही झाडांची फळे मोजून. शेतकऱ्याची नड असेल तर त्याला वेगळी, बिनव्याजी उसनवार द्यावी, ती फळाची किंमत समजू नये.

आणि कागदावर एक अट जरूर लिहावी: औषध मोहर उमलण्यापूर्वी व फळ धरल्यानंतर, भर फुलोऱ्यात नाही. बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवायला, बांधावरची फुलणारी झाडे न तोडायला दोघांनी राजी व्हावे. तोंडी ठरलेले मे महिन्यात कोणाच्या लक्षात राहत नाही. लिहिलेले राहते, आणि त्यामुळे पुढच्या वर्षीही त्याच बागेत सलाम-दुवा करून जाता येते.