‘जंतुदोष’ नेमका कुणाचा?

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझे मेहुणे गेले. आम्ही भावंडे त्यांना दाजी म्हणत असू. वय अडुसष्ट. मधुमेह होता, पण ताब्यात होता. पित्ताशयाला सूज येऊन ताप भरला. दोन दिवस घरगुती उपायांत गेले आणि तिसऱ्या दिवशी रक्तदाब इतका खाली आला की थेट अतिदक्षता विभागात न्यावे लागले. पहिले पाच दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सहाव्या दिवशी ताप उतरला, रक्तदाबाची औषधे बंद झाली. दाजींनी हाताने खूण करून ताईकडे चष्मा मागितला. डॉक्टर म्हणाले, मोठा घाट ओलांडला. बाराव्या दिवशी पुन्हा ताप. या वेळचा जंतू वेगळाच होता आणि त्यापाठोपाठ रक्तात बुरशी सापडली. एकोणिसाव्या दिवशी सारे संपले.

तेरावा झाल्यावर ताईने मला विचारले, “पहिला जंतू मेला म्हणाले ना डॉक्टर? मग माणूस गेला कशानं?”

मी वैद्यकशास्त्राचा माणूस नाही. वर्तमानपत्रात लिहिणारा आहे, एवढेच. पण हा प्रश्न मला सोडीना. डॉक्टर मित्रांना छळले, मिळेल ते वाचले. हाती लागले ते असे की, ताईचा प्रश्न जगातले मोठमोठे संशोधक पंचवीस-तीस वर्षे विचारीत आहेत.

आपल्याकडे जखम चिघळली की ‘सेप्टिक झालं’ म्हणतात. डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात ते निराळे. मराठीत त्याला जंतुदोष हा शब्द आहे आणि या शब्दातच थोडी गफलत आहे. त्यात सगळा दोष जंतूच्या माथी जातो. २०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची जी नवी व्याख्या केली, तिचा भर जंतूवर नाही. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यामुळे मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत यांसारखे अवयव निकामी होऊ लागतात, त्या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस म्हणावे, असे ती सांगते. म्हणजे जंतू हे निमित्त, घर पडते ते आतून. हा काही दुर्मीळ आजारही नव्हे. ‘लॅन्सेट’ने २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे दगावली. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक! तरीही कर्करोग किंवा हृदयविकार या शब्दांनी घरात जी शांतता पसरते, ती सेप्सिस या शब्दाने पसरत नाही.

शरीराचा प्रतिसाद बिघडतो म्हणजे काय होते? प्रदीर्घ काळ याचे उत्तर एकच होते : प्रतिकारशक्ती पिसाळते. अमेरिकी डॉक्टर आणि लेखक लुईस थॉमस यांनी १९७२ मध्येच मांडले होते की, जंतूंशी लढायची आपली शस्त्रे इतकी जालीम आहेत की शत्रूपेक्षा त्यांचाच धोका अधिक. विचार पटण्याजोगा होता. मग ही शस्त्रे म्यान करणारी औषधे शोधण्याची शर्यत लागली. नव्वदच्या दशकात चाचण्यांमागून चाचण्या झाल्या, पैसा पाण्यासारखा वाहिला. प्रयोगशाळेतले उंदीर वाचत, माणसे वाचत नसत. दाह आणि रक्तातल्या गुठळ्या रोखणारे ‘झायग्रिस’ हे औषध २००१ मध्ये मोठ्या गाजावाजाने अमेरिकेच्या बाजारात आले. २०११ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण नव्या चाचणीत त्याने मृत्यू कमी होत नसल्याचे दिसले.

त्याच २०११ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. रिचर्ड हॉचकिस हे तिथले अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि संशोधक. सेप्सिसने मरण पावलेल्या रुग्णांच्या शरीरात त्या क्षणी प्रतिकारशक्ती नेमकी कोणत्या अवस्थेत असते, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी मृत्यूनंतर अर्ध्या ते तीन तासांच्या आत, रुग्णाच्या खाटेपाशीच, प्लीहेचे नमुने घेतले गेले. असे ४० रुग्ण होते. (त्या घडीला परवानगीचा कागद कुणाच्या तरी हातात दिला गेला असेल आणि कुणीतरी त्यावर सही केली असेल. निबंधातले आकडे वाचताना माझे मन तिथेच अडकून राहिले.) प्लीहा हे प्रतिकारपेशींचे मोठे ठाणे. त्या पेशींना प्रयोगशाळेत चिथावणी दिली, म्हणजे जणू ‘शत्रू आला’ अशी हाळी घातली. निरोगी पेशी अशा वेळी सावधगिरीची रसायने भराभर सोडतात. या पेशींनी बहुतेक रसायने त्यांच्या एक दशांशाहूनही कमी सोडली.

पिसाळलेली फौज सापडेल म्हणून पाहायला जावे आणि ओस पडलेली छावणी दिसावी, तसे हे झाले.

याच गटाने १९९९ मध्येच दाखवले होते की, सेप्सिसमध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने स्वतःचा अंत करून घेतात. या पेशी शत्रूला ओळखतात, त्याची आठवण ठेवतात, बाकीच्यांना कामाला लावतात. त्या गेल्या की उरलेल्या पेशीही थंडावतात. मग एरवी निरुपद्रवी असणारे जंतू, बुरशी, लहानपणापासून अंगात निजून असलेले विषाणूसुद्धा डोके वर काढतात. दाजींचा बारावा दिवस मला इथे भेटला. पहिला जंतू मेला हे खरेच होते. पण त्याला मारता मारता राखण करणारे कुणी उरले नव्हते.

अर्थात, आधी वादळ आणि मग मरगळ, असा सरळ क्रम सर्वांना मान्य नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच शरीरात चालू असतात, असे अनेक संशोधक म्हणतात. मला त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण त्यामुळे जुन्या चाचण्या का फसल्या तेही कळते. ज्याची प्रतिकारशक्ती पेटली आहे आणि ज्याची विझली आहे, अशा दोघांनाही एकच औषध दिले गेले. एकाला कदाचित फायदा झाला, दुसऱ्याचे नुकसान. बेरीज शून्य.

हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते ना? आपण ते पाहिले आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. तरी २०२१ च्या लाटेत आपल्याकडे साध्या तापालाही स्टिरॉइड दिली-घेतली गेली. पाठोपाठ काळी बुरशी आली आणि अनियंत्रित साखर व स्टिरॉइडचा अतिवापर ही तिची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली. औषध तेच. प्रश्न होता, कुणाला आणि केव्हा.

ते ठरवायचे कसे? बर्लिनमधील प्रतिकारशास्त्रज्ञ हान्स-डिटर फोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खूण शोधली. मोनोसाइट नावाच्या पेशी जंतूचे तुकडे एका रेणूवर ठेवून इतर पेशींना दाखवतात. त्या रेणूचे नाव एचएलए-डीआर. पेशीवर हे रेणू फार कमी झाले की प्रतिकारशक्ती लुळी पडली असे समजावे. २००९ मध्ये त्यांनी अशाच ३८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना प्रतिकारपेशींना चेतवणारे औषध दिले. त्या १९ पैकी १९ जणांत हे रेणू पूर्वपदावर आले, औषध न मिळालेल्या १९ पैकी फक्त तिघांत. २०१८ मध्ये इंटरल्यूकिन-७ या द्रव्याने २७ रुग्णांच्या लहान चाचणीत लिम्फोसाइटची संख्या तिपटी-चौपटीने वाढल्याचे दिसले. पण रक्तातला आकडा वाढणे वेगळे आणि माणूस घरी परतणे वेगळे. अशा लहान चाचण्यांवरून जीव वाचतील असे म्हणता येत नाही. सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्ती उभी करणारे सर्वमान्य औषध आजही बाजारात नाही.

मग आज हाती काय आहे? वेळ आहे. याचा दाखला परदेशात शोधायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गावातल्याच बायकांना जंतुदोषाची लक्षणे ओळखायला आणि दोन साधी प्रतिजैविके द्यायला शिकवले. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. ना अतिदक्षता विभाग, ना महागडी चाचणी. बाळ दूध पिईनासे झाले, अंग गार पडले, हे कुणीतरी त्याच दिवशी पाहिले. छावणी ओस पडण्याआधी मदत पोचली.

आम्ही मात्र दोन दिवस घालवले. दाजींना धाप लागत होती, लघवी कमी झाली होती, बोलण्यात मधूनच असंबद्धपणा होता. तापामुळे असेल, असे आम्हीच एकमेकांना सांगितले. ही तिन्ही सेप्सिसची लक्षणे आहेत, हे मला नंतर कळले. दुसरा ताप आला तेव्हा मीच डॉक्टरांना म्हणालो होतो, “आणखी हाय पॉवरचं अँटिबायोटिक द्या ना.” खर्चाचे बघू, असेही ऐटीत सांगितले. प्रतिजैविक जंतू मारते, मेलेल्या लिम्फोसाइट परत आणीत नाही. तो तरुण डॉक्टर काही क्षण गप्प राहिला होता. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

ताईच्या कपाटात दाजींची फाइल आहे. मागच्या महिन्यात ती पुन्हा काढली. रोजच्या साध्या रक्ततपासणीच्या कागदावर लिम्फोसाइटची एक ओळ असते. एकोणीस दिवसांचे एकोणीस कागद ओळीने मांडले. आकडा चौथ्या दिवशी जो खाली गेला, तो ज्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला त्या दिवशीही खालीच होता. हे कागद मी डॉक्टर मित्राला दाखवले. तो म्हणाला, “आकडा दिसला असता, तरी त्या दिवशी द्यायला माझ्याजवळ काय होतं?”

ताईला मी हे सगळे सांगितले. तिने कागद तारखेप्रमाणे लावले आणि फाइल परत कपाटात ठेवली.