मातीचा गुण आणि म्हशीचे दूध

२०१८ च्या डिसेंबरात जालन्यास महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या भरल्या होत्या. शेवटच्या दिवशी माझ्या शेजारी जालन्यातलेच एक सुशिक्षित गृहस्थ बसले होते. बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या केसरीला, पुण्याच्या अभिजित कटकेला हरवले आणि ध्वनिक्षेपकातून 'बुलढाणा, बुलढाणा' असा घोष सुरू झाला. तशी मांडीवर थाप मारून हे गृहस्थ म्हणाले, "पाहिलंत ना गुरुजी? इथून दहा कोसांवर देऊळगाव राजा लागलं की माती बदलते. त्यांच्या मातीत आहे ते आपल्या मातीत नाही."

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे चौकशी करता कळले ते असे. बाला रफिक खेळला बुलढाण्यातर्फे; पण त्याचे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले खडकी. त्याला घडवले कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी. ते त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. आणि शेवटची धार लावली ती पुण्याच्या हनुमान आखाड्यात गणेश दांगट ह्यांनी. म्हणजे गदा बुलढाण्याची, जन्म करमाळ्याचा, डाव कोल्हापूरचे आणि धार पुण्याची. आता ह्यात माती कुणाची धरायची ते त्या गृहस्थांनीच सांगावे.

हे मत त्या एकट्याचे असते तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. परंतु 'अमुक भागाच्या मातीतच बळ असते' हे वाक्य आपल्याकडे तीन प्रकारचे लोक बोलतात. ज्यांच्याकडे मल्ल आहेत ते छाती फुगवून बोलतात, ज्यांच्याकडे नाहीत ते सुस्कारा टाकून बोलतात आणि ज्यांनी काही करायला हवे ते हात झटकून बोलतात. पहिल्यांचा अभिमान समजतो, तिसऱ्यांची सोयही समजते. मला राग आहे तो मधल्यांचा, म्हणजे आम्हां जालनेकरांचा. दुसऱ्याची फुशारकी आम्ही स्वतःची कुंडली म्हणून वाचत बसलो आहोत.

प्रथम माती हा शब्द अक्षरशः घेऊ. हौद्यातली माती कुठल्याही शेतातून उचलून आणलेली नसते. चांगली तांबडी माती शोधून आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा, रोज खोऱ्याने ओढून ती मऊ ठेवायची, तेव्हा कुठे ती अंगाला लावण्याच्या योग्यतेची होते. आमची काळी कपाशीची जमीन त्या कामी निरुपयोगी हे कबूल. पण कोल्हापूरच्या तालमीतही पोरे उसाच्या फडात कुस्ती खेळत नाहीत. हौद्यातल्या मातीचा गुण म्हणजे तीत माणसांनी काय कालवले त्याचा गुण.

आणि कोल्हापुरात हे कालवण्याचे काम कुणी केले हे काही गुपित नाही. शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. मग मल्ल आले. आणि आले ते चहूकडून आले. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. १९६६ साली महाराष्ट्र केसरी झालेले दीनानाथ सिंह तर उत्तर प्रदेशातले. कोल्हापूरच्या मातीने मल्ल प्रसवले ह्यापेक्षा कोल्हापूरच्या तालमींनी मल्ल सांभाळले हे म्हणणे अधिक खरे, आणि कोल्हापूरकरांच्या दृष्टीने अधिक मानाचेसुद्धा. माती फुकट मिळते. सांभाळायला दानत लागते.

शिवाय माती जर कायमची, तर तिचा गुणही कायमचा असायला हवा. २००० साली विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर कोल्हापुरास ती गदा पाहायला मिळाली ती २०२२ साली, पृथ्वीराज पाटलांमुळे. मधली वीसेक वर्षे माती रजेवर गेली होती काय? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. महाराष्ट्राच्या दुसऱ्या मल्लाच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक अद्याप पडलेले नाही. कृष्णा तीच वाहते आहे. बदलले ते एवढेच की जगाची कुस्ती गादीवर गेली, आणि आम्ही पुष्कळ वर्षे मातीचे गोडवे गात हौद्याच्या कडेला बसून राहिलो.

माती निसटली की हे लोक संस्कृतीवर येतात. "तिकडे मारुतीची उपासना आहे हो, बलोपासनेचे संस्कार आहेत!" असे म्हणतात. ह्यावर जालना जिल्ह्याच्या माणसाने हसावे की रडावे? मारुतीच्या उपासनेला ज्यांनी महाराष्ट्रभर चालना दिली ते समर्थ रामदास १६०८ साली जन्मले ते आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत. त्यांनी स्थापलेले अकरा मारुती मात्र आहेत चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा अशा सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात. आंदळकरांचे पुनवत त्याच शिराळा तालुक्यातले. संस्कार जर जन्मभूमीच्या हवेत तरंगत असते, तर गदा जांबेत राहायला हवी होती. जांबेच्या ब्राह्मणाचा मुलगा घर सोडून कृष्णाकाठी गेला, तिथे त्याने मठ बांधले, माणसे जमवली. संस्कार त्याच्याबरोबर चालत गेले.

आमच्या मुलखाला हे चालत जाणे नवे नाही. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापुरास गेले, गंगावेश तालमीत घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून राहिले. लातूरकडचेच काका पवार आज पुण्यात कात्रजजवळ शिकवतात. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके ह्यांच्यात. एक नाशिकतर्फे, दुसरा लातूरतर्फे, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. कागदावर दोन जिल्हे झुंजत होते. खरोखर एकाच तालमीतली जोड सुटत होती. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर घेतले, तेव्हा जिल्ह्यांचे ते नाटक त्याने एका क्षणात उधळून लावले असे मला वाटले. आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पाहा. पाटोदा म्हणजे दुष्काळ आणि ऊसतोड. वडील स्वतः पैलवान म्हणून पोराला लंगोट मिळाला. पुढे आधी बिराजदार आणि मग काका पवार ह्यांच्या हाताखाली तो तयार झाला. २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. मराठवाड्याच्या मातीत काही नाही म्हणता? तीत मल्ल आहेत आणि वस्तादही आहेत. त्यांना बसायला जागा मात्र पुण्यात आहे.

हरियाणाचे उदाहरण तर प्रत्येकाच्या खिशात असते. तिकडले दूध, तिकडली हाडे! पण सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया आणि २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवणारा अमन सेहरावत हे सारे एकाच ठिकाणी घडले, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये. प्रांताचा गुण एका इमारतीत इतका दाटीवाटीने कसा मावला बरे? ह्याहून मोठी गोष्ट त्यांच्या मुलींची. दूध तेच, हाडे तीच. पण मुलींना आखाड्याचे दार बंद होते तोवर हरियाणाच्या मातीने एकही स्त्री-मल्ल दिली नाही. काही हट्टी बापांनी दार उघडले आणि २०१६ साली रोहतकची साक्षी मलिक ऑलिंपिकचे पदक घेऊन आली.

वजन उचलण्याच्या खेळातही हेच दिसते. नईम सुलेमानोग्लू हा बुटका वीर, उंची पाच फुटांच्याही आत. बल्गेरियात जन्मलेला, तिथल्या कडक शिस्तीत तयार झालेला. पण घराणे तुर्की. १९८८ साली सोलला ६० किलो वजनी गटात त्याने १९० किलोचा भार डोक्यावर तोलला, आणि तो तुर्कस्तानासाठी. श्रेय भूमीला द्यावे तर वंश आडवा येतो, वंशाला द्यावे तर तालीम आडवी येते.

ह्या मातीच्या सिद्धान्ताला एक वाईट पूर्वजही आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचे शास्त्र काढले. अमुक मुलखाचे, अमुक जातीचे लोक जन्मजात शूर, बाकीचे नव्हेत. ज्या महार शिपायांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती, त्यांचीच भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत ह्या शास्त्राने बंद पाडली. भरती बंद झाली म्हणून पलटणीत दिसेनात, आणि पलटणीत दिसत नाहीत म्हणून लढवय्ये नव्हेत! १९४१ साली गरज पडली तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिलीच. आमच्या जालन्याने छावणीचे दिवस पाहिलेले आहेत. निदान आम्ही तरी हे तर्कशास्त्र ओळखायला हवे. तालीम द्यायची नाही आणि मल्ल निघत नाही म्हणून मातीला दोष द्यायचा, हा त्याच तर्काचा धाकटा भाऊ.

तर मग प्रदेशाला काहीच अर्थ नाही, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. माणसामाणसाच्या हाडापेरात फरक असतो आणि तो आईबापांकडून येतो, हे नाकारणारा वेडा. पण कुस्ती वजनाच्या गटात खेळली जाते. ५७ किलोचा गडी ५७ किलोच्या गड्याशीच भिडतो. थोराड हाडांचा मुलूख आणि किरकोळ हाडांचा मुलूख हा भेद तिथे जवळजवळ पुसला जातो. महाराष्ट्र केसरीची गोष्ट निराळी. ती गदा ८६ ते १२५ किलोच्या गड्यांसाठी आहे. एवढे वजन हवेवर चढत नाही. त्याला दूध लागते, तूप लागते, बदाम, अंडी, मटण लागते. आणि हे सारे रोज, पाच-सात वर्षे लागते. इथे मात्र प्रदेश येतो, आणि चांगला छातीवर बसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात जनावरे चारा-छावण्यांत नेऊन बांधावी लागली. ज्या गावात गोठा मोडतो त्या गावात खुराक कुठला? अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कुटुंबे दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. पोराने जोर-बैठका मारायच्या त्या हंगामात ते उसाच्या मोळ्या वाहते. प्रदेशाचा परिणाम हा असा असतो. त्याला मातीचा गुण म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला अशक्त जातीचा म्हणण्यासारखे आहे.

अंबड तालुक्यातला माझा एक विद्यार्थी सतराव्या वर्षी कोल्हापूरच्या एका तालमीत गेला. इथून कितीतरी दूर. बापाला तीन एकर कोरडवाहू आणि एक दुभती म्हैस. पहिल्या वर्षी मुलाच्या खुराकासाठी त्यांनी ती म्हैस विकली. मुलाला दूध मिळावे म्हणून घरचे दूध विकले! मी हे ऐकले तेव्हा रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, म्हैस इथं, पोरगं तिथं. दूध पाठवू कसं?" ह्या प्रश्नात जालना जिल्ह्याच्या कुस्तीचा सगळा अर्थव्यवहार आला. मुलगा इथे असता तर म्हैसही राहिली असती.

आणि म्हणून मी मागतो ते फार थोडे आहे. जिल्ह्याला एक तालीम, तीत एक हौदा आणि दोन गाद्या; महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल असा एक वस्ताद; वीस मुलांचा आणि दहा मुलींचा खुराक; आणि ऊसतोडीच्या हंगामात त्यांना राहायला चार खोल्या. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही अजून पाहुण्यांना ऐकवतो. बियाण्यांचा धंदा ह्या गावाने १९६० नंतर देशभर नेला, लोखंडाच्या भट्ट्या इथे रात्रंदिवस जळतात. महाराष्ट्र केसरीचे मैदान भरवायला ह्या गावाला पैसा कमी पडला नाही. मैदान उठल्यावर तालीम चालवायला मात्र माती आडवी येते! चार दिवसांच्या रोषणाईवर जे खर्चले जाते, त्यात किती मुलांचे किती महिन्यांचे दूध बसते, हा हिशेब एखाद्या व्यापाऱ्याने मांडून पाहावा. मला हिशेबात गती नाही, त्यांना आहे.

माझा तो विद्यार्थी दोन वर्षांनी परत आला. गुडघा दुखावला होता आणि उपचाराला पैसे नव्हते. आता तो गावात संध्याकाळी पंधरा-वीस पोरांना जोर मारायला शिकवतो, मारुतीच्या पारासमोर, उघड्यावर. पोरांत त्याची धाकटी बहीणही असते. तिचे वजन ५० किलो. तिच्या गटाची जोड तालुक्यात नाही म्हणून ती मुलांशी धरते. गेल्या महिन्यात त्यांचे वडील भेटले. घरी पुन्हा म्हैस आली आहे, पहिल्या वेताची. पोरीला पुण्याला पाठवावे म्हणतात सगळे. त्यांनी मला विचारले, "काय करू गुरुजी, इकू का ही बी?"