ओहोटीचे पाणी आणि यमुनेकाठचे तळे

दिल्ली परिसरातील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांना भरती-ओहोटीची व्याख्या पाठ असते. परंतु ओहोटी लागल्यावर खडकांच्या खोलगट जागी जे पाणी मागे राहते आणि ज्यात खेकडे, शंख व समुद्रपुष्पे, म्हणजे फुलासारखे दिसणारे पण भक्ष्य पकडून खाणारे प्राणी, पुढच्या भरतीपर्यंत तग धरतात, ती डबकी त्यांनी क्वचितच पाहिलेली असतात. उन्हाने हे पाणी तापते, बाष्पीभवनाने त्याचा खारटपणा वाढतो, त्यातील प्राणवायू घटतो. पसाभर पाण्यात तासातासाला होणारा हा पालट बोट बुडवून कळतो तसा चित्रावरून कळत नाही.

पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशाने पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय ठरला. पुस्तके आली, परीक्षाही आल्या. पण मुलांना पाण्याकाठी नेणारा तास बहुतेक वेळापत्रकांत आलाच नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

दिल्लीत त्यासाठी जागांची वाण नाही. असोला-भाटी अभयारण्यात, १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. वझिराबादजवळचे यमुना जैवविविधता उद्यान दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने नदीच्या पूरमैदानात, म्हणजे पुराचे पाणी पसरते त्या सपाट जमिनीवर, उभे केले आहे. अशा ठिकाणी मार्गदर्शकाच्या संमतीने उथळ काठाचे थोडे पाणी पांढऱ्या ताटलीत घेतले, तर त्यात चतुराचे पंख न फुटलेले पिल्लू सापडू शकते. ते मागील टोकातून पाण्याची पिचकारी सोडून पुढे झेपावते आणि घडी करून ठेवलेला खालचा ओठ निमिषार्धात पुढे फेकून डासाची अळी पकडते. दरवर्षी डेंग्यूच्या धास्तीत पावसाळा काढणाऱ्या शहरातील मुलांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे, कारण तळे बुजवले की डासांबरोबर डासांचा हा शत्रूही जातो, हे त्यांना मग कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

दिवाळीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबांना तर दुहेरी संधी आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, तेव्हा चंद्र-सूर्यांचे आकर्षण एका रेषेत येऊन समुद्राला उधाण येते आणि ओहोटीही तितकीच खोलवर जाऊन एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, या किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाने त्या दिवशीची, म्हणजे पंधराव्या तिथीची, भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. म्हणजे सुमारे सहा तासांनी, साडेपाचच्या आसपास ओहोटी असताना, दिवेलागणीच्या आधी, मुलांना जाणत्या माणसाबरोबर खडकांवर नेता येते. पाहण्यासाठी उलटलेला दगड मात्र पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या ओलसर बाजूला चिकटलेली अंडी उघडी पडली की वाळून जातात.