अरण्यप्रदेशातील इंग्रजी : आधी वाचन, मग संभाषण

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा राज्य शासनाचा एप्रिल २०२५ मधील निर्णय अडीच महिन्यांतच, २९ जून रोजी, मागे घेतला गेला आणि भाषासूत्राच्या फेरविचारासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या वादात मुंबई-पुण्याचा आवाज मोठा होता. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा हिशेब मांडला गेला; पण चौथी भाषा घरून घेऊन येणाऱ्या मुलाचा विचार क्वचितच झाला. भामरागड अथवा एटापल्ली तालुक्यातील माडिया मुलाच्या दृष्टीने मराठी हीच शाळेत भेटणारी दुसरी भाषा आहे. इंग्रजी तिसरी आहे आणि हिंदी आली असती तर ती चौथी झाली असती. हिंदीचा प्रश्न तूर्त बाजूला पडला. इंग्रजीचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे, आणि अरण्यप्रदेशाच्या दृष्टीने तोच अधिक जिव्हाळ्याचा आहे.

जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ३८ हून अधिक, तर चंद्रपुरात शेकडा १७ हून अधिक आहे. या प्रदेशात गोंडी आणि माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली आहे आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली आहे. शासनाच्या अभ्यासक्रमात मात्र या सर्व मुलांची मातृभाषा मराठी आहे असे गृहीत धरलेले असते. त्या गृहीतावर इंग्रजीचा मजला चढविला जातो.

जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून होता. शहरातील श्रीमंताच्या मुलाला जे मिळते ते खेड्यातील मुलालाही मिळावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु विषय लवकर सुरू करणे आणि तो लवकर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भारताच्या ‘असर’ पाहणीत इंग्रजीतील साधी वाक्ये वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण २०१६ मध्ये शेकडा २४.७ होते. सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, ते २४.५ होते. पाचवीतील चारांपैकी तीन मुलांना साधे इंग्रजी वाक्य वाचता येत नाही, हे देशाचे चित्र आहे. जेथे शाळेची भाषाच परकी आहे तेथे ते अधिक उजळ असण्याचे कारण नाही.

मागणी खरी आहे

पालकांच्या इंग्रजीच्या ओढीची टर उडविणे सोपे आहे. विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. मग ती दोन खोल्यांत भरत असली तरी. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामात हाती आलेल्या पैशांतून तेथील फी भरणारा बाप मूर्ख नसतो. उच्च शिक्षण, वरिष्ठ न्यायालय आणि मोठ्या कंपनीचे कार्यालय यांच्या दारावर इंग्रजीचा पहारा आहे, हे तो डोळ्यांनी पाहतो. आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठविण्याची शासनाची योजनाही याच मागणीला दिलेले उत्तर आहे. इंग्रजीविरुद्ध अग्रलेख लिहिणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न त्या बापाने विचारला तर अनेकांची पंचाईत होईल.

तेव्हा इंग्रजी हवी की नको हा वाद येथे निरर्थक आहे. कोणती इंग्रजी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने, हा खरा प्रश्न आहे. व्याकरण, संभाषण आणि वाचन या तिहींपैकी बाजारात संभाषणाला भाव आहे. ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. अरण्यप्रदेशाची गरज मात्र निराळी आहे.

जपानचा दाखला

मातृभाषेतून शिकून राष्ट्र पुढे जाते हे सांगताना आपल्याकडे जपानचे नाव हमखास घेतले जाते. तो दाखला नीट तपासून घेण्यासारखा आहे. जपाननेही एकदा इंग्रजीचा मोह अनुभवला होता. पुढे शिक्षणमंत्री झालेल्या मोरी आरिनोरी यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी जपानने इंग्रजी स्वीकारावी असा विचार मांडला. तो देशात रुजला नाही. अमेरिकेतील भाषापंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनीही त्याविरुद्ध सल्ला दिला. जपानने आपली भाषा ज्ञानाची भाषा केली. आज तेथे वैद्यक आणि अभियांत्रिकी जपानीतून शिकता येते.

परंतु इंग्रजीची अडचण तेथेही सुटलेली नाही. इंग्रजी वाक्य वाचून त्याचे भाषांतर करण्याच्या जुन्या पद्धतीने परीक्षा उत्तीर्ण होणारे लक्षावधी विद्यार्थी तयार झाले. बोलताना मात्र ते अडखळतात. म्हणून १९८७ मध्ये परदेशी तरुणांना साहाय्यक शिक्षक म्हणून आणण्याची योजना सुरू झाली, आणि २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. संपन्न देशालाही संभाषण शिकविणे किती महाग पडते, याचा हा पुरावा आहे. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. जपानी भाषा मोठी झाली. पण होक्काइडोतील ऐनू लोकांची भाषा जवळपास लोपली. त्यांना मूलनिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने जपानचा कित्ता गिरविताना गोंडीच्या जागी ऐनू ठेवून पाहावे.

चूक आणि तिचे कारण

व्याकरणाच्या बाबतीत जपानी विद्यार्थी आणि आपला विद्यार्थी बरेच जवळ आहेत. जपानी, मराठी आणि गोंडी या तीन निरनिराळ्या कुळांतील भाषा. तरी तिन्हींत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीतील ‘ऑन द टेबल’ मराठीत ‘टेबलावर’ होते, म्हणजे पुढचा शब्द मागे जातो. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांना या भाषांत जोड नाही. मराठी मूल ‘तू येतोस का?’ असे विचारते, तर जपानी मूलही प्रश्नाच्या शेवटी ‘का’ च लावते. इंग्रजीत मात्र प्रश्नासाठी वाक्याची मांडणीच फिरवावी लागते.

गोंडी मुलाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. गोंडीत एकवचनी पुरुषासाठी एक सर्वनाम, आणि स्त्री, प्राणी व वस्तू यांच्यासाठी दुसरे. त्यामुळे ‘शी’ आणि ‘इट’ यांतील भेद त्या मुलाला मुळापासून शिकावा लागतो. ‘ती आली’ च्या जागी ‘ते आले’ म्हटल्यावर मराठीच्या तासाला ज्याला हसतात, तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला मुका होतो. त्याची चूक निष्काळजीपणाची नसते. ती त्याच्या भाषेच्या नियमाला धरून असते. शिक्षकाला हा नियम ठाऊक असेल तर पाच मिनिटांत उलगडा होतो. ठाऊक नसेल तर पाच वर्षे लाल शाई वाया जाते. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, कारण त्या पुस्तकांनी मराठीचा हात धरून इंग्रजी दाखविली. गोंडी-माडिया मुलांच्या हाती अशी पाठमाला पडलेली नाही.

तासिकेचे अंकगणित

आता संभाषणाचा हिशेब पाहावा. समजा, वर्गात ४० मुले आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. हजेरी आणि शिक्षकाचे बोलणे वजा जाता २० मिनिटे उरली, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी अर्धे मिनिट येते. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाकाठी १०० मिनिटे, म्हणजे दोन तासही नाहीत. जोड्या करून मुलांना आपसांत बोलावयास लावता येईल, हे खरे. पण ज्यांच्या कानावर ती भाषा शाळेबाहेर कधी पडतच नाही, ती मुले एकमेकांना काय ऐकविणार? तीच २० मिनिटे प्रत्येक मुलाने समोर पुस्तक धरून वाचले, तर वर्षाचे ६६ तासांहून अधिक वाचन होते. संभाषणात शिक्षकाचा वेळ वाटला जातो. वाचनात पुस्तकापुढे प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ मिळतो. साधने तुटपुंजी असतील तेथे कोणते शिक्षण आधी द्यावे, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ताडोब्याच्या वाटाड्याला परदेशी पाहुण्याशी बोलण्यापुरती इंग्रजी अवश्य लागते, मुलाखतीला जाणाऱ्या पदवीधरालाही लागते. त्या वेळी ती काही महिन्यांच्या सरावाने येऊ शकते. मात्र शब्दांचा साठा आणि वाक्याची ओळख वाचनाने आधी झालेली असावी लागते.

वाचनाचे याहून मोठे कारण अर्थकारणाचे आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाने गडचिरोलीचे आर्थिक चित्र पालटू लागले आहे. अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल ठेवला जातो, त्याचा सारांश २००६ च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. संपूर्ण अहवाल सामान्यतः इंग्रजीत असतो. पाण्याचा, धुळीचा, जंगलतोडीचा तपशील तेथे असतो, आणि तो वाचणारा गावात कोणी नसतो. २०२० मध्ये पर्यावरण अधिसूचनेच्या नव्या मसुद्याची भाषांतरे आठव्या अनुसूचीतील भाषांत करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख भाषिक असलेली गोंडी त्या अनुसूचीतच नाही.

धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाची ख्याती ग्रामसभेइतकीच अभ्यासगटांसाठी आहे. कायदा समजून घेऊन, त्यावर चर्चा करून मग निर्णय घेण्याची सवय त्या गावाने लावून घेतली. वाचनातून हक्क कसा उभा राहतो, याचा धडा याच जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला आहे.

क्रम बदलावा लागेल

उपाय अशक्यप्राय नाहीत. पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलाला त्याच्या घरच्या भाषेच्या आधाराने मराठी वाचता आली पाहिजे. तोवर इंग्रजी गाणी, गोष्टी आणि ऐकण्यापुरती असावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. असे असता मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये सुरू केलेल्या गोंडी माध्यमाच्या शाळेला मान्यतेसाठी झगडावे लागावे, ही विसंगती आहे. त्यानंतर गोंडी, मराठी आणि इंग्रजी यांची तुलना करणारी छोटी पुस्तिका प्रत्येक शिक्षकाला द्यावी आणि प्रत्येक आश्रमशाळेत सोप्या इंग्रजी पुस्तकांचे कपाट असावे. ते कुलूपबंद नसावे, हे सांगण्याची वेळ येऊ नये. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या शाळेतून माडिया मुले डॉक्टर झाली, वकील झाली. मराठीतून केलेला आरंभ त्यांच्या आड आला नाही.

आणि मूल इंग्रजी शिकेपर्यंत शासनानेही थांबू नये. ज्या अहवालावर गावाचे जंगल आणि पाणी अवलंबून आहे, तो संपूर्ण मराठीत आणि त्याचा अर्थ गोंडीत सांगण्याची जबाबदारी शासनाची आहे. आपल्याच जंगलाविषयी जाणून घेण्यासाठी कोणालाही आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागू नये. इंग्रजी येईल ती अधिकची शिदोरी म्हणून यावी. ती मुलाच्या भाषेवरून चालून आली, तर दहावीच्या निकालापत्रकात गुण दिसतील. गावात वाचणारा माणूस मात्र दिसणार नाही.