बाळाला जमिनीवर ठेवा

हल्ली बाळ पाच-सहा महिन्यांचे झाले की मामाकडून किंवा आत्याकडून चाकांचा वॉकर येतो. प्लास्टिकची गोल चौकट, मध्ये कापडी बैठक, समोर वाजणारी बटणे. मूल त्यात बसवले की घरभर गरगर फिरते, आईला स्वयंपाकापुरती सवड मिळते आणि सगळ्यांना वाटते, पोर चालायला शिकते आहे. प्रत्यक्षात ते चालायला शिकत नसते. त्याचे वजन बैठकीवर असते, जमिनीला लागतात ते फक्त पायाचे चवडे, आणि तोल सांभाळण्याचे काम चौकट करते. चालणे शिकायचे म्हणजे तोल सांभाळायलाच तर शिकायचे असते. शिवाय ही चाके मुलाला क्षणात पायरीच्या तोंडाशी किंवा गरम चहाच्या कपापाशी नेतात. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो खेळण्यांच्या दुकानात दर्शनी भागी टांगलेला असतो.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्याला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो ढकलत पुढे जाते. अर्थात तोही मूल आपले आपण धरून उभे राहू लागल्यावरच द्यावा, आणि कोणी तरी जवळ असताना.

पहिल्या वर्षात मुलाला खेळण्यांपेक्षा गरज असते ती जमिनीची. स्वच्छ फरशी, वर सतरंजी किंवा गोधडी, आणि समोर बोलणारे माणूस. आपल्याकडे मूल पाळण्यात, झोळीत, मांडीवर नाही तर मऊ गादीवर असते. खाली ठेवले तर शेजारीण म्हणते, ‘पोराला खाली टाकलंय!’ पण मऊ गादीत हात रुततात, झोळीत अंग वळवता येत नाही. कडक जमिनीवर पालथे पडलेले मूल मान उचलते, काही आठवड्यांनी कोपरांवर येते, मग तळहातांवर. त्यातून मान, खांदे, पाठ बळकट होते आणि मूठ उघडते. कुशीवर वळणे, बसणे, रांगणे हे सारे पुढे यावरच उभे राहते. झोपवताना मात्र बाळाला उताणेच झोपवावे. पालथे ठेवायचे ते जागेपणी आणि नजरेसमोर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेले प्रमाण असे की, जे बाळ अजून सरकू लागलेले नाही ते दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे असावे. एकदम अर्धा तास नव्हे. दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करावी, रडले की उचलून घ्यावे. दूध पाजल्यावर लगेच नको.

आजीबाई यावर म्हणतील, ‘आम्ही रोज तेल लावून हातपाय ओढतो की!’ तेल जरूर लावावे, बाळाला स्पर्श हवाच असतो. पण मालिशीत हालचाल करतात ते आजीचे हात. बाळ नुसते पडून असते. बाळाने स्वतः धडपडून खुळखुळ्यापर्यंत हात नेला तर ते मोलाचे, मग तो पाच वेळा चुकला तरी चालेल.

शेजारच्या मुलाशी तुलना करून हैराण होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ त्यात आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. शंभरातील चारएक मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

पण ‘याचा बापही उशिराच चालला होता’ या वाक्याचा आडोसा घेऊन वर्ष घालवणे हा निराळा प्रकार आहे, आणि तो फार महागात पडतो. चार महिने पूर्ण होऊनही बाळ मान धरत नाही, दहा महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिने उलटले तरी चालत नाही, मुठी सतत घट्ट आवळलेल्या असतात, वर्षाच्या आत एकच हात वापरते, उभे धरले की पाय ताठ होऊन त्यांची कात्री होते, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. जन्मतः न रडलेल्या, काचेच्या पेटीत ठेवाव्या लागलेल्या बाळाकडे अधिक लक्ष हवे. दोन महिने आधी जन्मले असेल तर वयातून ते दोन महिने वजा करून हिशेब करावा.

असे बाळ असले की व्यायाम शिकवला जातो आणि आई कागदावर बारा व्यायाम लिहून घेऊन घरी येते. धुणे, भांडी, शेतावरचे काम, मोठ्या मुलाची शाळा यांत हे बारा व्यायाम चार दिवस होतात, पाचव्या दिवशी सुटतात. मग पुढच्या भेटीत बोलणी तीच खाते. मला हे अन्यायाचे वाटते. पालकांनी व्यायाम शिकवणाऱ्यांना स्पष्ट विचारावे, ‘यातले सर्वांत गरजेचे दोन-तीन कोणते?’ ते रोजच्या कामांत बसवता येतात. पायांची कात्री होणाऱ्या मुलाला कडेवर घेताना त्याचे दोन्ही पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना फाकवून घ्यावेत. पालथे ठेवताना छातीखाली गोधडीची गुंडाळी द्यावी. बसू लागलेल्याला भरवताना पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवून पाऊल पूर्ण जमिनीला टेकवावे. समोर वाटी-चमचा वाजवायला आजोबा चालतात, आणि वडिलांनाही यातले सगळे जमते. त्यांना कामावरून आल्यावर वर्तमानपत्राआधी दहा मिनिटे खाली बसायला हरकत नसावी.

दुसऱ्या टोकाला काही पालक पोटाला चिमटा काढून महागडे कार्यक्रम घेतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ग्लेन डोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत काढली होती. तीन-चार माणसांनी मिळून मुलाचे डोके व हातपाय ठराविक लयीत हलवायचे, दिवसातून अनेकदा, आठवड्याचे सातही दिवस. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८, १९८२ आणि १९९९ मध्ये निवेदने काढून या पद्धतीविषयी पालकांना सावध केले. तिच्या दाव्यांना पुरावा नाही आणि कुटुंब मात्र पिळून निघते, असा त्यांचा आक्षेप होता. मेंदूला झालेली इजा पूर्ण बरी करून देतो, असे म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर उठून यावे.

सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. त्यातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि शंका वाटलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. तिथे तपासणी व उपचाराला पैसे लागत नाहीत. पथक नुकतेच येऊन गेले असेल तर पुढच्या फेरीपर्यंत सहा महिने थांबू नये. आशाताईंना विचारून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी घेऊन आधीच जावे, आणि जाताना बाळाच्या जन्माचे कागद व माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे.