वेढा मुलाने घातला, खापर आईच्या माथी

रेवदंड्याच्या कोटावर व्याख्याने देणारे एक गृहस्थ अलीकडे जागोजागी एकच सिद्धांत मांडत फिरतात. निजामशाही फौजेने १५७०च्या अखेरीस रेवदंड्याला वेढा घातला आणि पुढच्या पावसाळ्यात ती तह करून परतली, याला कारण एक बाई. हुसेन निजामशाहाची बेगम खुंझा हुमायून. परकी, आझरबैजानच्या जुन्या राजघराण्यातली. नवरा वारल्यावर तिने अल्पवयीन मुलगा मुर्तझा याच्या नावाने राज्य हाती घेतले, भावांना जहागिरी वाटल्या, फौज पोखरली, म्हणून रेवदंड्याचे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, टिकले. शेवटी मालिकांमुळे घरोघरी पोचलेल्या उस्मानी हुर्रेम सुलतानाचा दाखला येतो: परकी बाई महालात आली की राज्य गेलेच. श्रोते माना डोलावतात. ज्या गावात तो वेढा पडला त्याच गावात हे खपावे, याचा मला संताप येतो.

आधी वेढ्याचेच पाहू. फिरिश्ता हा निजामशाहीत वाढलेला इतिहासकार. त्याच्या हकिकतीत घटनांचा क्रम स्पष्ट आहे. आधी खुंझा हुमायूनला कैद होते, मग मुर्तझा धारूरच्या किल्ल्यावर चालून जातो, विजापूरकरांशी समझोता होतो आणि त्यानंतर रेवदंड्याची मोहीम निघते. म्हणजे खाडीकाठी मोर्चे लागले तेव्हा सत्ता मुलाकडे होती आणि आई बंदिवासात. बंदिवान बाईने वेढा फसवला कसा, हे व्याख्यात्यांनी एकदा सांगावे. कैदेचा प्रसंगही फिरिश्त्याने लिहून ठेवला आहे. राज्यकारभारात लक्ष घालू नका, असे सरदाराने बजावले तेव्हा तिने खंजीर उपसला. तो हिसकावून घेऊन तिला पालखीत घातले गेले. तिच्या हातून सत्ता गेली ती अशी.

मग वेढा का फसला? याचे उत्तर रेवदंड्याच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. समुद्र मोकळा होता. जमिनीकडून कितीही तोफा डागल्या तरी पाण्याच्या वाटेने दाणा, दारूगोळा आणि माणसे येत राहिली. त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशाह गोव्याला वेढून बसला होता. चौल, म्हणजे रेवदंड्याचे हेच ठाणे, सोडून द्यावे असा सल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईश द अताईद याला त्याच्याच माणसांनी दिला. त्याने तो मानला नाही आणि स्वतः वेढ्यात असताना इकडे जहाजे धाडली. आज आपण पाहतो तसा सलग तट तेव्हा शहराभोवती नव्हता. घरे आणि मठ लढवून ही जागा राखली गेली. मुर्तझाचे सरदार काय करत होते? फिरिश्ता लिहितो की फिरंग्यांनी त्यांना नजराणे देऊन फितवले, आणि त्या नजराण्यांत मुख्य होती दारू. म्हणजे फौज पोखरली ती मद्याने आणि लाचेने, तीही मुर्तझाच्या अमलात. एवढे लिहिलेले समोर असताना दोष कुठे ठेवायचा, तर जनान्यात!

आणखी एक. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने याच चौल-रेवदंड्याला वेढा घातला. तोही यशस्वी झाला नाही. ठाणे मराठ्यांकडे आले ते १७४०मध्ये, वसई पडल्यानंतर, तहाने. १६८३च्या अपयशाला आपण कुणाच्या आईला जबाबदार धरतो का? तिथे आरमार, पोर्तुगीजांची शिबंदी, मोगलांचा दाब ही कारणे आपण नीट मांडतो. मग १५७१ला ती का मांडत नाही?

आता ‘परकी’चा आक्षेप. चौलच्या बंदरात होर्मुझचे घोडे उतरत. निजामशाहीची मलिक-ए-मैदान तोफ १५४९मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या ओताऱ्याने ओतली. घोडा बाहेरचा चालला, ओतारी रूमी चालला. फक्त राणीच्या वेळी रक्त तपासायचे?

भावांना तिने मोठे केले, हे खरे. नातलगांवाचून चाललेला एक तरी दख्खनी दरबार दाखवा.

हुर्रेम १५५८मध्ये वारली, उस्मानी सल्तनत १९२२पर्यंत राहिली. शिवाय दाखलाच द्यायचा तर सर्बियाच्या मारा ब्रांकोविचचा का देत नाहीत? ती राज्यकर्त्या घराण्यातली, उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादशी लग्न झालेली. तिने आपला ख्रिस्ती धर्म सोडला नाही. कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा तिचा सावत्र मुलगा मेहमेद तिला मान देत असे, आणि व्हेनिसशी बोलणी करताना तिने मध्यस्थी केली. हा दाखला सिद्धांताच्या आड येतो, म्हणून तो व्याख्यानात नसतो.

दख्खनी सुलतान आणि विजयनगर यांच्यातली तालिकोटची लढाई म्हणजे निव्वळ दोन धर्मांचा सामना, असे सांगणाऱ्यांशीही मी पूर्वी वाद घातला आहे. त्यांनीही खुंझा हुमायूनची कारकीर्द वाचावी. लढाई जानेवारी १५६५ची. हुसेन त्याच वर्षी वारला. त्यानंतर थोड्याच काळात अली आदिलशाह विजयनगरच्या उरलेल्या राज्यावर उठला. तिकडून मदतीची हाक आली, तेव्हा या विधवेने मुलाला बरोबर घेऊन थेट विजापूरवर फौज नेली. अलीला माघारी फिरावे लागले. विजापूर फार वाढले तर नगर उरणार नाही, हे तिला कळत होते. पुढे तिने त्याच विजापूरशी मिळून वऱ्हाडावर स्वारीही केली. राज्य चालवणे याला म्हणतात. तिचीच मुलगी चांदबीबी १५९५मध्ये अकबराच्या फौजेपुढे अहमदनगरचा किल्ला लढवत उभी राहिली. मुलीचे पोवाडे गाताना आईला विसरणारी माणसे मला समजत नाहीत.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी कवीची ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आहे. तिच्यातल्या चित्रांत हुसेनशेजारी खुंझा हुमायून बसलेली होती. नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली. सुलतान राहिला, दासी राहिल्या, राणी गेली.

रेवदंड्यात येणाऱ्या मुलांना कोट दाखवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वेढ्याची गोष्ट सांगाल तेव्हा मुर्तझाचे आणि त्याच्या फितलेल्या सरदारांचे नाव घ्या. खुंझा हुमायूनचे नाव विजापूरवरच्या चढाईबरोबर सांगा.