कंसातला सॉवर्बी

जेम्स सॉवर्बी या इंग्रज चित्रकाराने आणि निसर्ग-अभ्यासकाने १८१२ पासून 'मिनरल काँकॉलॉजी' ही ब्रिटनमधील जीवाश्म शिंपल्यांची सचित्र ग्रंथमाला काढावयास आरंभ केला. तीत १८१५ साली आयर्लंडच्या चुनखडकातील एका शिंपल्याला त्याने 'कार्डियम हिबर्निकम' असे नाव दिले. हिबर्निया हे आयर्लंडचे जुने लॅटिन नाव. कार्डियम ही लिनियसने १७५८ मध्ये प्रस्थापित केलेली प्रजाती. इंग्रजीत ज्यांना कॉकल म्हणतात, त्या बाजूने हृदयाकृती दिसणाऱ्या कंगोरेदार शिंपल्यांची. ग्रीक 'कार्डिया' म्हणजे हृदय. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'हृद्'शी जोडतात, तेव्हा हे नाव आपल्याला अगदीच परके नव्हे.

पण हा शिंपला त्या घरात फार काळ रमला नाही. त्याच्या गोत्रातील जीवाश्मांसाठी जर्मनीच्या ब्रॉन यांनी 'कोनोकार्डियम' म्हणजे शंकु-हृदय ही वेगळी प्रजाती सुचवली. १८३६ मध्ये जॉन फिलिप्स यांनी 'प्लुरोऱ्हिंकस' असे नाव काढले. १८४३ मध्ये टॉमस ब्राउन यांनी 'हिप्पोकार्डिया', म्हणजे अश्व-हृदय, हे नाव योजले. फिलिप्स यांच्या नावात तेवढे हृदय नाही, आणि नेमके तेच मागे पडले!

खरी उलथापालथ मात्र १९७२ ची. पोजेटा, रनेगर, मॉरिस आणि न्यूएल या चार संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात असे मांडले की हे प्राणी कॉकल तर नव्हेतच, पण द्विपुट शिंपल्यांच्या वर्गातलेही नव्हेत. तिसऱ्या उकळल्या की त्यांची पुटे उघडतात, हे आपल्याकडे स्वयंपाकघरात कोणालाही ठाऊक असते. दोन पुटांना जोडणारा, त्यांना उघडू पाहणारा लवचीक बंध तेथे असतो. या जीवाश्मांत तसा सांधाच नाही. कवचाचे थर पाठीवरून एका बाजूकडून दुसरीकडे अखंड जातात, आणि बाल्यावस्थेतील कवच तर एकपुटीच असते. म्हणून त्यांच्यासाठी मृदुकाय प्राण्यांचा 'रोस्ट्रोकॉन्किया' हा नवा वर्ग निर्माण झाला. हा वर्ग पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झाला. खरे कॉकल अवतरले ते त्यानंतर, ट्रायासिकमध्ये. सॉवर्बीने ज्याला कॉकल म्हटले तो प्राणी जगत होता तेव्हा पृथ्वीवर एकही कॉकल नव्हता.

आम्हा साहित्याच्या मंडळींना या कथेत रस वाटतो तो पुढच्या भागामुळे. आज हे नाव असे लिहितात : हिप्पोकार्डिया हिबर्निका (सॉवर्बी, १८१५). 'कार्डियम' नपुंसकलिंगी म्हणून विशेषण 'हिबर्निकम' होते. 'हिप्पोकार्डिया' स्त्रीलिंगी, म्हणून ते 'हिबर्निका' झाले. विशेषणाने विशेष्याच्या लिंगाप्रमाणे चालावे, हा व्याकरणाचा नियम प्राणिशास्त्राच्या संहितेने कायद्यासारखा पाळला आहे. आणि तो कंस! जातीला नाव देणाऱ्याने तिला ज्या प्रजातीत घातले होते, तिच्यातून ती पुढे हलवली गेली असेल, तरच नाव देणाऱ्याला कंसात ठेवतात. एका कंसाने वाचकाला कळते, की येथे पूर्वी दुसरे काही म्हटले होते, कोणी म्हटले होते आणि केव्हा. सॉवर्बीचे वर्गीकरण गेले. सॉवर्बी गेला नाही.

आमची तक्रार अशी, की मराठी वाङ्मयेतिहासाला असा कंस नाही. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटना'ला आपण 'पहिली मराठी कादंबरी' म्हणतो, विद्यार्थी परीक्षेत तसे लिहितात, गुण मिळवतात. पुस्तकाचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. लेखकाने स्वतःच्या हाताने घातलेला शब्द 'निरूपण' हा आहे. कीर्तनाची आणि पोथीची परंपरा ज्यात नांदते असा हा शब्द एका ख्रिस्ती झालेल्या लेखकाने विधवांच्या दुःखासाठी वापरावा, ही केवढी बोलकी गोष्ट! 'कादंबरी' या लेबलाखाली ती दिसेनाशी होते. (खुद्द 'कादंबरी' तरी काय? बाणभट्टाच्या एका कृतीचे, तिच्या नायिकेचे नाव आपण साऱ्या प्रजातीला दिले.)

यावर कोणी म्हणेल, की वर्गीकरण ही सोय आहे, तिचे एवढे काय घेऊन बसलात? आम्हाला हे पटत नाही. 'कादंबरी' म्हटले की आपण कथानकाची बांधणी, पात्रांचा विकास असली मापे काढतो, आणि मग यमुना व विनायक यांचा प्रवास त्यांत तोकडा भरतो. वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती 'विस्कळित' ठरतात, शेवटचा धर्मोपदेश 'कलाबाह्य' ठरतो. निरूपणात दृष्टान्तांमागून दृष्टान्त यावेत आणि शेवटी उपदेश यावा, यात दोष कोणता? सांधा नसलेल्या कवचात सांधा शोधण्याचाच हा प्रकार.

'यमुनापर्यटन'ला कादंबरी म्हणू नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणण्यालाही कारणे आहेत आणि ती विचारात घ्यावीत. मात्र अभ्यासक्रमाच्या टिपणात 'कादंबरी (निरूपण, पदमनजी, १८५७)' असे छापायला कितीशी शाई लागते? वर्गात एखादी मुलगी तो कंस पाहून विचारील, की निरूपणाची कादंबरी कोणी केली, आणि केव्हा. त्याचे उत्तर द्यायला शिक्षकाला ग्रंथालयात जावे लागेल.